पिल्लू आले कोठून?

कुत्र्यांविषयी आपल्या प्रशासनाने गेली दोनशे वर्षे पुष्कळ विचार केला आहे. परंतु तो जवळजवळ सर्व कुत्र्याच्या शेवटाविषयी आहे, त्याच्या आरंभाविषयी नाही. जून १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने दंगा केला, तेव्हा वाद होता तो रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय करावे याचा. २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम हेही रस्त्यावरच्याच कुत्र्याविषयी बोलतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला त्यात बदल केला आणि विषयाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत नेली. देशभर त्यावर जी चर्चा झाली, तीही याच प्रश्नाची. वस्तुतः शहरातील कुत्र्यांचा आणि मांजरांचा आणखी एक ओघ आहे. तो पैशाच्या वाटेने येतो, दुकानातून घरात शिरतो आणि त्यातला काही भाग कालांतराने रस्त्यावर सांडतो. या ओघाचा उगम कोठे आहे, हे विचारण्याची सवय आपल्या कार्यालयांना नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा उगम आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांनी कुत्री व मांजरे कोठून आणावीत यावर स्थानिक संस्थांनी बंधन घालावे काय, घातले तर कोणते, आणि रायपूरसारख्या शहरात ते निभावेल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. दुकानातील विक्रीवर सरसकट बंदी घालण्याची वेळ येथे आलेली नाही. परंतु ज्या पिल्लाच्या उगमाचा दाखला नाही, त्याची विक्री होता कामा नये, आणि हा दाखला मागण्याचे काम दिल्लीहून नव्हे, तर शहराच्या परवान्यातूनच होऊ शकते.

प्रथम व्यवहार कसा चालतो ते पाहू. दुकानाच्या काचेआड लॅब्रेडोर, पामेरियन, शित्झू, क्वचित हस्की अशी पिल्ले दिसतात. उन्हाळ्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या गावात बर्फाळ प्रदेशातील हस्कीचे पिल्लू काय सुख पावणार, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. ग्राहक विचारतो, पिल्लू कुठले? उत्तर मिळते, नागपूरचे, कोलकात्याचे, किंवा नुसतेच ‘बाहेरचे’. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग रायपुरातून जातो. नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्गही आहे. त्यामुळे यांपैकी कोणतेही उत्तर खरे असू शकते आणि कोणतेही तपासता येत नाही. पैदास करणारा, त्याच्याकडून वेतच्या वेत उचलणारा दलाल, गाडीने आणणारा, दुकानदार आणि ग्राहक अशी ही साखळी. प्रत्येक कडीला केवळ आपल्या मागची कडी ठाऊक असते, आणि पिल्लाची आई तर कोणालाच ठाऊक नसते. सारी गोम येथे आहे. ज्या कुत्रीच्या पोटी ते जन्मले, ती कोणत्या पिंजऱ्यात आहे, वर्षातून कितीदा विते, विऊन विऊन थकल्यावर तिचे काय होते, हे विकत घेणाऱ्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही. दुकानाची काच स्वच्छ असते. काचेमागची अंधारी खोली दुसऱ्याच जिल्ह्यात, कधी दुसऱ्याच राज्यात असते.

याची झळ केवळ प्राण्याला लागते असे नाही. पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती साधारणपणे सहाव्या आठवड्यानंतर ओसरू लागते आणि लसीची शक्ती पुरती आलेली नसते. नेमक्या याच काळात ‘लहान आहे, गोजिरवाणे आहे’ म्हणून त्याला आईपासून तोडून प्रवासाला लावले जाते. पार्व्हो या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. डिस्टेंपरला त्याहून अधिक. म्हणजे रोग लागतो गाडीत किंवा गोदामात, विक्री होते धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाची, आणि रक्ताची हगवण सुरू होते ती ग्राहकाच्या घरी. दुकानदार म्हणतो, दिले तेव्हा ठीक होते. आणि ते खोटेही नसते. साखळीत दोष कोठे शिरला हे शोधायचे तर मागे जाण्याची वाट हवी. ती वाट म्हणजे नोंद.

विकल्या जाणाऱ्या वस्तूचा उगम विचारणे ही काही पाश्चात्त्यांकडून आलेली नवलाई नव्हे. आपल्या धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत ‘अस्वामिविक्रय’ हे एक स्वतंत्र पद आहे, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही त्याचे प्रकरण आहे. ज्याच्या हाती माल सापडला, त्याने तो कोणाकडून घेतला हे दाखवावे. दाखवता आले तर तो सुटतो, न दाखवता आले तर अडकतो, असा त्यातला मूळ विचार. गुरांच्या बाजारात विक्रीची पावती फाडतात. तीत बैलाचा रंग, शिंगे, वय आणि विकणाऱ्याचे नावगाव लिहिलेले असते. चोरीचा बैल ओळखता यावा म्हणून ही रीत पडली. ज्या समाजाला बैलाचा दाखला मागणे सहज वाटते, त्याला कुत्र्याच्या पिल्लाचा दाखला मागणे अवघड का वाटावे? बैल हे धन मानले आणि पिल्लू हे खेळणे मानले, एवढाच काय तो फरक.

आता कायद्याकडे वळू. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम आला आणि १९६२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. पिंजऱ्यात प्राण्याला हालचालीपुरती जागा न देणे हा या अधिनियमाच्या ११ व्या कलमाखाली अपराध आहे. परंतु पैदास आणि दुकान या व्यवसायांसाठी वेगळे नियम पुढे सत्तावन्न वर्षे नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात असे नियम करण्याची गरज मांडली. त्यानंतर मे २०१७ मध्ये श्वान पैदास व विपणन नियम आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पेट शॉप नियम अधिसूचित झाले.

हे नियम वाचताना ते कोणी मन लावून लिहिले आहेत हे जाणवते. पैदास करणाऱ्याने राज्य जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची. कुत्री अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिची वीण घ्यावयाची नाही, आणि तिच्या साऱ्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घ्यावयाची नाहीत. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकावयाचे नाही. विकावयाच्या पिल्लाला मायक्रोचिप आणि लसीकरणाची नोंद हवी. सार्वजनिक जागी मांडून विक्री नको. दुकानदारानेही त्याच मंडळाकडे नोंदणी करावयाची, प्रमाणपत्र दर्शनी भागी लावावयाचे, आणि प्राणी कोणाकडून आला व कोणाला गेला याची नोंद ठेवावयाची. म्हणजे उगमाचा प्रश्न कायद्याने विचारलेला आहे. प्रश्न आहे तो उत्तर तपासणाऱ्याचा.

येथे तीन उणिवा दिसतात. त्या नियमांच्या टीकेसाठी सांगत नाही. शहराने काय करावे हे त्यांतूनच सुचते म्हणून सांगतो.

पहिली उणीव शिक्षेची. १९६० च्या अधिनियमाखालील नियमांचा भंग केला तर ३८ व्या कलमानुसार कमाल दंड शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ११ व्या कलमाखाली पहिल्या अपराधाला दहा ते पन्नास रुपये. १९६० साली शंभर रुपये ही रक्कम होती. आज एका पिल्लाच्या किमतीपुढे ती नगण्य आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने शिक्षा वाढविणारा दुरुस्ती-मसुदा लोकांपुढे ठेवला, पण त्याचा कायदा झाला नाही. कैदेची तरतूद कागदावर आहे खरी. परंतु नोंदवही न ठेवल्याबद्दल दुकानदाराला तुरुंगात धाडणारा खटला कोणी चालवील अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही.

दुसरी उणीव मांजरांची. २०१७ चे पैदास नियम केवळ श्वानांसाठी आहेत. पर्शियन मांजरीचे पिल्लू विकणाऱ्या दुकानाला २०१८ चे नियम लागू होतात, पण ते पिल्लू जिथे जन्मले त्या ठिकाणाला पैदास म्हणून कोणतीच विशेष नोंदणी नाही. मांजर पाळण्याची हौस शहरांत वाढते आहे आणि नियम मात्र मांजरीला विसरले आहेत.

तिसरी उणीव अंतराची. नोंदणी राज्य मंडळाकडे, आणि मंडळाचे हातपाय म्हणजे शेवटी पशुधन विकास विभागाचे पशुवैद्यक. त्यांच्यापुढे गाई, म्हशी, शेळ्या, खुरकुताच्या आणि घटसर्पाच्या लसी यांचा डोंगर असतो. गल्लीतले दुकान त्यांच्या वाटेवर नसते. ज्याच्या वाटेवर ते रोज असते, तो नगर निगमाचा कर्मचारी. आणि त्याच्या तपासणी-पत्रकात प्राण्याच्या उगमाचा रकानाच नसतो. परवान्यांच्या फाइली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दुकानाची रुंदी, फलकाचा आकार, मालमत्ताकराची पावती, कचऱ्याची व्यवस्था हे सारे त्यांत असते. आत काय विकले जाते याचा एक शब्द असतो. ते कोठून आले याचा नसतो.

अशा स्थितीत इतर देशांतील शहरांनी काय केले हे पाहणे उपयोगी आहे. अमेरिकेत केंद्रीय परवान्यावर चालणारी मोठी पैदास-केंद्रे आहेत आणि त्या परवान्याच्या अटी अगदी किमान आहेत, ही तेथील प्राणिमित्रांची जुनी तक्रार. केंद्र हलत नाही असे दिसल्यावर शहरे हलली. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीने २००६ मध्ये दुकानांतील कुत्र्या-मांजरांची विक्री बंद केली; वेस्ट हॉलिवुडने २०१० मध्ये आणि लॉस एंजेलिसने २०१२ मध्ये तोच मार्ग धरला. पुढे अशा स्थानिक नियमांची संख्या शेकड्यांवर गेली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१९ पासून सबंध राज्यात असे ठरविले की दुकानांतील कुत्री, मांजरे आणि ससे हे निवाऱ्यांतून किंवा बचाव-संस्थांतूनच आलेले असावेत. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लू त्रयस्थाने विकणे बंद झाले. ग्राहकाने थेट पैदास करणाऱ्याकडे जावे किंवा निवाऱ्यातून घ्यावे. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून, आणि न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२४ पासून दुकानांतील विक्री थांबविली.

या अनुभवातून दोन धडे मिळतात. पहिला असा, की व्यापार पाण्यासारखा असतो. एक दार बंद केले की तो फटीतून वाहतो. कॅलिफोर्नियात काही व्यापाऱ्यांनी ‘बचाव-संस्था’ या नावाने संस्था काढल्या आणि पैदास-केंद्रांतली पिल्ले बचावलेली म्हणून दुकानांत आणली. तेव्हा २०२० मध्ये पुन्हा कायदा करावा लागला, आणि २०२५ मध्ये दलालांवर तिसऱ्यांदा करावा लागला. दुसरा धडा असा, की वरच्या सरकारने मनात आणले तर खालच्याचा नियम पुसला जातो. ॲरिझोनातील काही शहरांनी केलेले निर्बंध २०१६ मध्ये राज्याच्या कायद्याने निष्प्रभ झाले. म्हणून स्थानिक नियम करताना तो वरच्या कायद्याशी झगडणारा नव्हे, तर त्याला हात देणारा असावा.

मग रायपूरने कॅलिफोर्नियासारखी बंदी का घालू नये? माझ्या मते त्याला तीन कारणे आहेत. तिथला नियम असे गृहीत धरतो की शहरात सुसज्ज निवारे आहेत आणि त्यांत घर शोधणारी कुत्री-मांजरे आहेत. दुकानाने फक्त त्यांना जागा द्यावी. आपल्याकडे निवारा हीच मोठी उणीव आहे. दुसरे असे, की आपल्याकडील विक्रीचा किती तरी भाग दुकानांत होतच नाही. तो घरगुती पैदास, ओळखीपाळखी आणि भ्रमणध्वनीवरील समूह यांतून होतो. दुकान हा या व्यवहाराचा सर्वांत दिसणारा भाग आहे. जो दिसतो त्यालाच बंद केले तर न दिसणाऱ्याला बक्षीस मिळते. आणि तिसरे असे, की ज्याने पाच हजार रुपये शुल्क भरून रीतसर नोंदणी केली, पिंजरे मोठे केले, पशुवैद्य नेमला, त्या दुकानदाराला आणि रात्रीच्या गाडीने टोपलीत पिल्ले आणणाऱ्याला एकच वागणूक देणे हा न्याय नव्हे. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली आहे. वाजवीपणाची पहिली कसोटी हीच, की प्रामाणिकाला वाट मोकळी असावी.

सरसकट बंदीचा एक प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ आक्रमक जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबविण्यास सांगितले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधितांचे म्हणणे ऐकले गेले नाही या कारणास्तव, ते परिपत्रक रद्द केले. पुढे जुलै २०२४ मध्ये रायपूरच्या अनुपमनगर भागात सामान पोचवायला आलेल्या एका माणसाला पिटबुल कुत्र्यांनी चावून जखमी केले. जातीवर बंदी हवी की नको, मालकाला शिक्षा काय, असा वाद सुरू झाला. परंतु अशी कुत्री कोण पैदा करतो, कोण विकतो, त्याची नोंदणी आहे काय, हा प्रश्न मागेच राहिला. जातीवरची बंदी ठळक मथळ्यात बसते. उगमाची नोंद बसत नाही. प्रशासनाचे खरे काम मात्र बहुधा मथळ्यात न बसणाऱ्या गोष्टींतच असते.

येथे एक घटनात्मक बाब लक्षात आणून द्यावीशी वाटते, कारण ती फारशी उद्धृत होत नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत सतराव्या नोंदीत आहे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांत, पंधरावा विषय ‘कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध’ असा आहे. म्हणजे हा विषय शहराचा आहे असे संविधान स्वतःच सुचवते. कोंडवाडा आपण लक्षात ठेवला, आणि त्याच ओळीतला उरलेला भाग विसरलो.

रायपूरच्या बाबतीत आणखी एक निकडीचे कारण आहे. पूर्वी प्रत्येक लहानमोठ्या दुकानाला १९५८ च्या अधिनियमाखाली गुमास्ता नोंदणी लागे आणि ती नगरसंस्थेकडून होई. फेब्रुवारी २०२५ पासून छत्तीसगडमध्ये नवा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू झाला. नोंदणीचे काम श्रम विभागाकडे गेले आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने त्यातून मुक्त झाली. लहान व्यापाऱ्याला हा दिलासाच आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु पाळीव प्राण्यांच्या दुकानात दहा कामगार क्वचितच असतात. म्हणजे अशा दुकानांवरची गुमास्त्याची जुनी, ढिली का होईना, नजरही उठली. आता राज्य मंडळाची नोंदणी आणि निगमाचा व्यापार-परवाना एवढीच दोन दारे उरली आहेत. ती एकमेकांना जोडली नाहीत तर दुकान दोन्हींच्या मधून सहज निसटेल.

तेव्हा निगमाने उपविधी करून किंवा परवान्याच्या अटींत भर घालून पुढील गोष्टी कराव्यात असे मला वाटते.

एक, राज्य मंडळाच्या नोंदणीशिवाय कुत्री, मांजरे वा पक्षी विकणाऱ्या दुकानाला व्यापार-परवाना देऊ नये आणि त्याचे नूतनीकरणही करू नये. शंभर रुपयांच्या दंडाला कोणी भीत नाही. बाजाराच्या हंगामात दुकानाला कुलूप लागण्याची भीती मात्र सर्वांना असते. शिक्षा वाढविणे संसदेच्या हाती आहे. परवाना शहराच्या हाती आहे.

दोन, प्रत्येक विक्रीच्या पावतीवर पैदास करणाऱ्याचा नोंदणी-क्रमांक, पिल्लाची जन्मतारीख आणि मायक्रोचिपचा क्रमांक असावा. पिल्लू परराज्यातून आले असेल तर १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे लागणारे पशुवैद्याचे आरोग्य-प्रमाणपत्र सोबत जोडावे. नागपूर आणि रायपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. आज मधे राज्याची सीमा आहे आणि दोन्हीकडे दोन मंडळे आहेत. तेव्हा दोन्ही मंडळांनी आपापल्या नोंदणीकृत पैदासकारांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवली, तर क्रमांक खरा की खोटा हे ग्राहकालाही घरबसल्या पडताळता येईल. तपासनीस वाढविण्यापेक्षा ग्राहकालाच तपासनीस करणे स्वस्त पडते.

तीन, घरी पाळलेल्या कुत्र्याची निगमाकडे नोंद करताना ही पावती मागावी. आणि रस्त्यावरून उचलून घरी आणलेल्या किंवा दत्तक घेतलेल्या प्राण्यासाठी साधे स्वयंघोषणापत्र पुरेसे मानावे, शुल्कही माफ करावे. आज ज्यांच्या घरी प्राणी आहेत त्यांना एकदाच मुदत देऊन मागचे काही न विचारता नोंद करू द्यावी. पावतीशिवाय नोंद होत नाही असे कळले की ग्राहक दुकानदाराकडे पावती मागू लागेल, आणि दुकानदार दलालाकडे. साखळी अशी टोकाकडून ओढली तरच हलते.

चार, मांजरीची पैदास करणाऱ्यांना नियम नसले, तरी दुकानदाराला आहेत. निगमाने आपल्या परवान्याच्या अटींत मांजरीच्या पिल्लालाही आठ आठवड्यांची आणि उगमाच्या नोंदीची अट स्पष्ट लिहावी.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, जप्त केलेल्या प्राण्यांची सोय आधी करावी. तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याला चाळीस आजारी पिल्ले सापडली तर ती ठेवावयाची कोठे, हे ठाऊक नसेल तर तो जप्ती करणारच नाही. पंचनाम्यात ‘समज दिली’ असे लिहून परतेल. त्याला दोष देणे सोपे आहे. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था असावी लागते. तिला जागा आणि वार्षिक अनुदान मिळावे. दुर्गजवळ अंजोरा येथे कामधेनू विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रायपूरपासून ते तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील अध्यापक व विद्यार्थी यांच्याशी निगमाने करार केला तर तपासणी, उपचार आणि मायक्रोचिप तिन्ही कामांना शास्त्रशुद्ध हात मिळतील, आणि विद्यार्थ्यांना शिकावयास मिळेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो. माणसांचेच प्रश्न सुटलेले नाहीत, नाल्या तुंबल्या आहेत, पाणी वेळेवर येत नाही, आणि तुम्ही पिल्लांच्या जन्मतारखा काय मागता? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ दिले पाहिजे. ज्या निगमाला निर्बीजीकरणावर, श्वानदंशाच्या तक्रारींवर, आणि न्यायालयाच्या आदेशानुसार निवाऱ्यांवर खर्च करावा लागतो, त्याने नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसू नये. हौस फिटल्यावर, आजार निघाल्यावर, किंवा घर बदलल्यावर रस्त्यावर सोडून दिलेल्या जातिवंत कुत्र्याचा भार अखेर त्याच निगमावर येतो. मायक्रोचिपमुळे अशा कुत्र्याचा मालक सापडू शकतो, आणि मालक सापडेल या भीतीने सोडून देणाऱ्याचा हात आखडतो. उगमाची नोंद ही त्यामुळे प्राणिप्रेमाची चैन नव्हे. ती काटकसर आहे.

दुसरा आक्षेप इन्स्पेक्टर-राजचा. नवी अट म्हणजे नवा हप्ता, असे लोक म्हणतात, आणि अनुभवाने म्हणतात. म्हणूनच मी अटी थोड्या आणि उघड्या असाव्यात असे म्हणतो. पिंजऱ्याचा आकार ही बाब तपासनिसाच्या मर्जीवर सोडता येते. आठ आठवडे, नोंदणी-क्रमांक, चिप-क्रमांक या बाबी सोडता येत नाहीत. क्रमांक असतो किंवा नसतो. जिथे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, तिथे देवघेवीला जागा कमी उरते. याद्या सर्वांसमोर असल्या तर ती आणखी कमी होते.

दुकानदार मंडळींनाही या व्यवस्थेत तोटा नाही. आज नोंदणी करणारा महाग पडतो आणि न करणारा स्वस्त विकतो. म्हणजे नियम पाळणे हाच तोट्याचा धंदा झाला आहे. सर्वांना एकच अट लागली की प्रामाणिकपणाची किंमत एकट्याला मोजावी लागणार नाही. नियम करण्यापूर्वी दुकानदार, पशुवैद्य, प्राणिमित्र आणि वॉर्डांचे पार्षद यांना एकत्र बसवून ऐकावे. कर्नाटकातील निकालाचा धडा तोच आहे. रायपुरात ७० वॉर्ड आहेत. प्रत्येक झोनने आपल्या हद्दीतील अशा दुकानांची यादी करावयाची म्हटली तर ते आठवड्याभराचे काम आहे. यादीपासून आरंभ करावा, बंदीपासून नव्हे.

कायदा करणे हे बोलणे आहे. परवाना देताना योग्य प्रश्न विचारणे हे ऐकणे आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये देशाने जे बोलावयाचे ते बोलून ठेवले आहे. त्या मुक्या कुत्रीला, जिची पिल्ले आठ आठवड्यांच्या आत उचलली जातात, आपली तक्रार कोणत्याही खिडकीवर देता येणार नाही. तिच्या वतीने तो एक प्रश्न, पिल्लू आले कोठून, निगमाच्या खिडकीवर बसलेल्या लिपिकानेच विचारला पाहिजे. त्यासाठी अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा लागेल. तो येत्या नूतनीकरणापासून वाढविता येण्यासारखा आहे.